‘ने’ कुठे जातो? : हायस्कुलातील इंग्रजी आणि व्याकरण

गेल्या हिवाळ्यात रायपूर शहराच्या कडेला असलेल्या एका शासकीय हायस्कुलात दहावीच्या वर्गापुढे इंग्रजीविषयी बोलण्याचा प्रसंग माझ्यावर आला. ‘प्रसंग आला’ असेच म्हटले पाहिजे. कारण विद्यापीठात तौलनिक साहित्याची व्याख्याने देणे निराळे आणि पन्नास-साठ मुलामुलींपुढे इंग्रजीचा तास घेणे निराळे. फळ्यावर तिथल्या शिक्षकांनी आधीच पाच वाक्ये लिहून ठेवली होती आणि त्यांच्याखाली वाच्य बदलण्याची सूचना होती. तास संपताना काही विचारायचे आहे का, असे मी रीतीप्रमाणे विचारले. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली आणि म्हणाली, “मैडम, हिंदी में हम ‘मैंने रोटी खाई’ लिखते हैं. अंग्रेज़ी में वो ‘ने’ कहाँ चला जाता है?” वर्ग हसला. शिक्षकही हसले. मला हसता आले नाही, कारण उत्तर चटकन सुचेना. इंग्रजीत तसा प्रत्यय नसतो, एवढे सांगून मी वेळ मारून नेली. पण इंग्रजीत काय नसते, हे तिने विचारलेच नव्हते. हिंदीत जे आहे ते जाते कुठे, असे विचारले होते. त्या टाळलेल्या उत्तराची रुखरुख अजून गेलेली नाही, आणि प्रस्तुत लेखाचे निमित्तही तेच आहे.

हायस्कुलातल्या मुलांना इंग्रजी अजून का शिकावे लागते, आणि त्यातही व्याकरणाचा जाच कशासाठी, ही तक्रार आपल्या वर्तुळात नवी नाही. भारतीय साहित्यांचे अभ्यासक म्हणवणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी ती कधी ना कधी केलेली आहे. इंग्रजी ही सत्तेची भाषा. तिने देशी भाषांची वाढ खुंटवली. तिच्या व्याकरणाचे साचे आपल्या भाषांवर बसवले गेले आणि ते अजून निघत नाहीत. हे मत मी स्वतः अनेक वर्षे बाळगले, एका अभ्यासक्रम समितीत तसे बोलूनही दाखवले. दुसऱ्या बाजूने भाषाशिक्षणाचे तज्ज्ञ सांगतात की व्याकरण शिकवून भाषा येत नाही, ती वापरल्याने येते. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिणेतल्या शाळांतून जो ‘बंगलोर प्रकल्प’ चालवला, त्यात नियम न सांगता मुलांना कामे देऊन इंग्रजी शिकवण्याचा प्रयत्न होता, आणि जगभर त्याची दखल घेतली गेली. तिसरी बाजू पालकांची. रायपुरात तात्यापाऱ्यातल्या जुन्या मराठी घरांत विचारा की चौबे कॉलनीतल्या नव्या घरांत विचारा, ‘मुलाला फाडफाड बोलता आले म्हणजे झाले, व्याकरण घेऊन काय करायचे?’ असेच उत्तर मिळते. विद्वानांना इंग्रजी नको, तज्ज्ञांना व्याकरण नको, पालकांना इंग्रजी हवी पण व्याकरणावाचून. व्याकरणाच्या बाजूने उभे राहिलेले फक्त परीक्षा मंडळ दिसते. आणि ते का उभे आहे, हे त्यालाही सांगता येईल असे वाटत नाही.

इंग्रजीची सक्ती सैल करण्याचे प्रयोग आपल्या देशात झालेले आहेत. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या काळात मुंबई राज्याने इंग्रजीचा आरंभ आठवीपर्यंत पुढे ढकलला. बिहारमध्ये १९६७ साली शिक्षणमंत्री कर्पूरी ठाकूर यांनी मॅट्रिकला इंग्रजीत उत्तीर्ण होण्याची अट काढली. पश्चिम बंगालात डाव्या आघाडीने प्राथमिक वर्गांतून इंग्रजी वगळले आणि पुढे परत आणले. महाराष्ट्राने तर २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी आणून उलटे टोक गाठले. यांपैकी कोणाच्याही हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. कर्पूरी ठाकूर यांच्यासमोर इंग्रजीच्या एका पेपरावरून कायमचा बाहेर फेकला जाणारा खेड्यातला मुलगा होता, आणि तो खराच होता. पण ती सवलत घेऊन उत्तीर्ण झालेल्यांना ‘कर्पूरी डिव्हिजन’ म्हणून हिणवले गेले. कारण शाळेने अट काढली तरी शाळेबाहेरच्या कोणी ती काढलेली नव्हती. सक्ती जाते तेव्हा इंग्रजी जात नाही. ती फक्त ज्यांच्या घरी आहे त्यांच्याकडे राहते.

रायपुरात हे फार जुन्या काळापासून पाहता येते. संस्थानिकांच्या मुलांसाठी १८८२ साली जबलपुरास निघालेले राजकुमार कॉलेज पुढे रायपुरास आले. छत्तीसगडात इंग्रजी ही आधी राजपुत्रांच्या शिक्षणाची बाब होती. त्यानंतर सुमारे एकशे अडतीस वर्षांनी, २०२० मध्ये, राज्य शासनाने स्वामी आत्मानंदांच्या नावाने इंग्रजी माध्यमाच्या सरकारी शाळा काढल्या आणि त्यांच्या प्रवेशासाठी झुंबड उडाली. या शाळांवर माझे आक्षेप आहेत. घरात छत्तीसगढी, गल्लीत हिंदी, आणि विज्ञानाचा पहिला धडा इंग्रजीत, या व्यवस्थेत मुलाच्या हाती विज्ञानही लागत नाही आणि इंग्रजीही. तरीही त्या झुंबडीला मोह म्हणून नाक मुरडण्याचा अधिकार आपल्याला नाही. माध्यम म्हणून इंग्रजी नको, हे मी आजही म्हणेन. विषय म्हणून इंग्रजी, हायस्कुलात, सर्वांना आणि व्याकरणासह, याविषयी मात्र माझे मत बदलले आहे, आणि ते बदलायला त्या मुलीचा ‘ने’ कारण झाला.

आता त्या ‘ने’कडे वळू. ती मुलगी घरी छत्तीसगढी बोलते. तिथे ती ‘मैं रोटी खाएंव’ म्हणते. भावाविषयी बोलताना ‘ओ हर रोटी खाइस’. रोटीऐवजी आमा असला तरी ‘खाइस’च, आणि खाणारा टूरा असो की टूरी, तरीही ‘खाइस’च. क्रियापद कर्त्याच्या पुरुषाकडे आणि वचनाकडे पाहते. कर्माच्या लिंगाशी त्याला कर्तव्य नाही. आणि ‘ने’ तर नाहीच. शाळेत आली की हिंदीत तिला ‘मैंने रोटी खाई’ पण ‘मैंने आम खाया’ असे लिहावे लागते. क्रियापदाने एकाएकी कर्त्याकडे पाठ फिरवून कर्माशी संधान बांधले. तिने ‘मैं रोटी खाया’ लिहिले की हिंदीचे शिक्षक लाल शाईने खूण करतात आणि ‘मातृभाषासुद्धा येत नाही’ म्हणून उसासा टाकतात. हिंदी ही तिची मातृभाषा कागदोपत्री आहे. तिने केलेली चूक चूक नव्हेच. ते छत्तीसगढीचा नियम हिंदीत पाळणे आहे. १९६०च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय मुलांच्या इंग्रजीविषयी विल्यम लबॉव्ह यांनी नेमके हेच दाखवले होते, की ज्याला शाळा गबाळेपणा म्हणते त्याला स्वतःचे काटेकोर नियम असतात.

आमच्या मराठीत पाहा. ‘त्याने पोळी खाल्ली’ यात ‘ने’ आहे. ‘मी पोळी खाल्ली’ यात तो नाही. पण क्रियापद मात्र पोळीच्याच मागे गेलेले आहे. आणि ‘तू पोळी खाल्लीस’ यात क्रियापद दोन्हीकडे पाहते: ‘खाल्ली’ पोळीसाठी, शेवटचा ‘स’ तुझ्यासाठी. या रचनेने आमच्या वैयाकरणांना पुष्कळ घोळात घेतले. अखेर त्यांनी तिला संकर प्रयोगाचे वेगळे घर बांधून दिले. म्हणजे ‘ने’ इंग्रजीतच नाहीसा होतो असे नाही. तो मराठीत प्रथमपुरुषापाशी पोहोचेपर्यंतच नाहीसा होतो, आणि छत्तीसगढीत आपण तो कुठे दाखवूच शकत नाही. मग इंग्रजी? तिथे कर्ता क्रियापदाच्या आधी उभा राहतो, आणि त्याचे कर्तेपण त्या जागेवरूनच कळते. भूतकाळातल्या सकर्मक वाक्यात क्रियापद कर्माच्या लिंगाची विचारपूस करीत नाही. या एका बाबतीत छत्तीसगढी बोलणाऱ्या मुलीला इंग्रजी हिंदीपेक्षा जवळची आहे! छत्तीसगढीत नामापुढे येणारा ‘हर’ ते नाम निश्चित असल्याचे दाखवतो. ‘टूरा हर’ म्हणजे कोणीतरी मुलगा नव्हे, तोच तो मुलगा. इंग्रजीतल्या ‘द’शी तो तंतोतंत जुळतो असे नाही, पण ‘द’ कशासाठी असतो हे समजावून द्यायला हिंदीपाशी जे नाही, ते छत्तीसगढीपाशी आहे. वर्गातल्या पन्नास-साठ मुलांकडे हे भांडवल आहे आणि आपण त्यांना ते बाहेर ठेवून आत यायला सांगतो.

मी तेव्हा चटकन उत्तर का देऊ शकले नाही, याचाही विचार केला. माझी पिढी तर्खडकरी भाषांतर पाठमालेच्या अखेरच्या सावलीत वाढली. आम्हाला शिकवले होते की कर्तरी प्रयोग म्हणजे ‘ॲक्टिव्ह’ आणि कर्मणी प्रयोग म्हणजे ‘पॅसिव्ह’. हे समीकरण साफ चुकीचे आहे. ‘रामाने आंबा खाल्ला’ हा मराठीत कर्मणी प्रयोग. इंग्रजीत त्याचे सरळ भाषांतर ‘ॲक्टिव्ह’मध्येच होते. प्रयोग ही क्रियापद कोणाशी जुळते याची व्यवस्था आहे. ‘व्हॉइस’ ही वाक्यात पुढे कोणाला आणायचे याची व्यवस्था आहे. गंमत अशी की ‘ने’ म्हणजे ‘बाय’, असे त्या मुलीने स्वतःच ठरवून टाकले असते, तर इतिहासाच्या दृष्टीने तिचे बरेचसे बरोबर ठरले असते, कारण हिंदी-मराठीतली ही रचना संस्कृतातल्या कर्मवाच्य कृदन्तांतून उतरली आहे. परीक्षेत मात्र तिला शून्य मिळाले असते. हा फरक आम्हाला कोणी समजावून दिला नाही. दोन्ही व्याकरणे दोन तासांना, दोन शिक्षकांकडून, एकमेकांची ओळख नसल्यासारखी शिकवली गेली.

वस्तुतः ती एकमेकांना अपरिचित कधीच नव्हती. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६चे. त्यांच्यासमोर लिंडली मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता, आणि शब्दांच्या ज्या आठ जाती आपण अजून घोकतो त्यांचा उगम त्या बाजूला आहे. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११चे. कामताप्रसाद गुरू यांनी काशीच्या नागरी प्रचारिणी सभेसाठी हिंदी व्याकरण लिहिले तेव्हा इंग्रजी व्याकरणाची पद्धत आपण स्वीकारल्याचे त्यांनी लपवले नाही, आणि दामल्यांच्या ग्रंथाचाही आधार घेतला. यावर ‘साचे लादले गेले’ असे म्हणता येते, आणि काही अंशी ते खरेही आहे. अरविंद मंगरूळकरांना मराठी व्याकरणाचा पुनर्विचार करावासा वाटला तो उगीच नव्हे. पण साचा बसत नाही हे कळायलाही तो बसवून पाहावा लागला. मराठीत संकर प्रयोग आहे, हे वैयाकरणांच्या ध्यानात आले ते मराठी संस्कृतच्याही चौकटीत मावेना आणि इंग्रजीच्याही, तेव्हा. आपल्या भाषेचा नियम आपल्याला दिसत नाही, कारण आपण त्याच्या आत राहतो.

या संदर्भात धमतरीच्या एका शिक्षकाचे नाव रायपुरात आदराने घेतले जाते, आणि महाराष्ट्रात ते फारसे कोणाला ठाऊक नाही. हिरालाल काव्योपाध्याय हे धमतरीच्या अँग्लो-व्हर्नाक्युलर शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी १८८५च्या सुमारास छत्तीसगढीचे व्याकरण लिहून पुरे केले. जॉर्ज ग्रियर्सन यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर करून १८९० साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले. पुढे लोचनप्रसाद पांडेय यांनी सुधारून वाढवलेली आवृत्ती १९२१ मध्ये कलकत्त्याहून निघाली. हिंदीला व्याकरण मिळण्याआधी छत्तीसगढीला मिळाले, असे इथे अभिमानाने सांगितले जाते. तपशिलात हा अभिमान सैल आहे, कारण केलॉग यांचे हिंदी व्याकरण १८७६चेच आहे; पण त्यामागची भावना मला समजते. ज्या बोलीला व्याकरण नाही असे सगळे म्हणत होते, तिला ते आहे हे एका शाळामास्तराने दाखवून दिले. हा माणूस इंग्रजी शाळेत शिकवणारा होता, आणि त्याचे काम जगापुढे आले ते इंग्रजीतून. २००७ साली छत्तीसगढीला राज्याच्या राजभाषेचा दर्जा देण्यात आला तेव्हा ज्या गोष्टींचा दाखला देण्यात येई, त्यांत हे व्याकरण असे. ग्रियर्सन यांनीच बस्तरची हलबी आपल्या सर्वेक्षणाच्या मराठीच्या खंडात घातली. ओडिया, छत्तीसगढी आणि मराठी यांचा तो मिलाफ. तिला मराठीच्या दारात बसवावे की नाही, हा वाद घालायलाही शेवटी प्रत्यय आणि क्रियापदे यांकडेच जावे लागते.

इथे कोणी म्हणेल, की हे सगळे तुमच्या-आमच्यासारख्यांच्या आवडीचे. दहावीनंतर दुकानात बसणाऱ्या किंवा शेतात जाणाऱ्या मुलीला याचा काय उपयोग? रास्त प्रश्न आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी याचे उत्तर साहित्यातून देऊ नये. मी एका कायद्यातून देते.

अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीचा केंद्रीय कायदा १९९६चा. ‘पेसा’ म्हणून तो ओळखला जातो. छत्तीसगडाचा मोठा भाग, बस्तर आणि सरगुजा धरून, अनुसूचित क्षेत्रात येतो. प्रकल्पासाठी जमीन घेण्याआधी काय व्हावे, हे त्या कायद्याच्या चौथ्या कलमातील एका उपकलमात सांगितले आहे: ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरील पंचायतीशी सल्लामसलत केली जाईल, अशा आशयाचे ते वाक्य. मूळ वाक्य इंग्रजीत आणि ‘पॅसिव्ह’मध्ये आहे. सल्लामसलत केली जाईल. कोणी करायची, हे त्या वाक्यात नाही. आणि मध्ये एक ‘ऑर’ आहे. झाडाखाली जमलेल्या सगळ्या गावाला विचारायचे, की निवडून आलेल्या मोजक्या माणसांना विचारले तरी पुरे, याचा फैसला त्या दोन अक्षरी उभयान्वयी अव्ययात अडकलेला आहे. राज्याने या कायद्याचे नियम २०२२ मध्ये केले. मूळ कायद्यातले ‘ऑर’ आहे तिथेच आहे. वाद बिलासपूरच्या उच्च न्यायालयात गेला तर तिथले निकालपत्र इंग्रजीत येते, कारण घटनेच्या ३४८व्या कलमाने उच्च न्यायालयांची भाषा तशी ठरवली आहे आणि हिंदीची जी मुभा मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश अशा काही राज्यांना मिळाली ती छत्तीसगडाला नाही.

‘वाच्य बदला’ ही फळ्यावरची सूचना मला आता वेगळी दिसू लागली. वर्षानुवर्षे आपण मुलांना ‘बाय’ लावून वाक्ये उलटीपालटी करायला लावतो. उलटवताना ‘बाय’ पुढचा माणूस गाळला तरी चालतो, हेही शिकवतो. सोपे पडते म्हणून. तो गाळण्यात कोणाचा फायदा असतो, हे मात्र एकदाही विचारत नाही. दहावीच्या मुलीला त्या उपकलमातले एक वाक्य देऊन ‘यात कर्ता कोण? ‘ऑर’ काढून ‘अँड’ घातले तर काय बदलते?’ असे विचारले, तर तिला व्याकरण कळले की नाही ते कळेल. आणि तिच्या गावाला कधी त्या कागदासमोर बसावे लागले, तर निदान एक माणूस विचारील की इथे कोणाचे नाव गाळले आहे.

आजकाल या युक्तिवादाला एक नवे उत्तर मिळते: भाषांतर आता फोन करून देतो. देतो खरे, आणि पुष्कळदा चांगले देतो. पण फोन ‘ऑर’चे भाषांतर ‘किंवा’ असे करील, ‘शॅल बी कन्सल्टेड’चे ‘सल्लामसलत केली जाईल’ असे करील, आणि दोन्ही बरोबर असतील. कर्ता इंग्रजीत जसा गायब आहे तसाच हिंदीतही गायब राहील. भाषांतर बरोबर असूनही फसवणूक होऊ शकते, ही शंका ज्याला वाक्याची ठेवण उलगडता येते त्यालाच येईल.

आपल्या क्षेत्राविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण इंग्रजीविरोधाचा सूर इथे सर्वांत उंच असतो. रायपूर आणि भोवतालचा हा मुलूख मराठी माणसांच्या हिंदी लेखनाचा आहे. माधवराव सप्रे मराठी घरातले. १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढला, दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत आणले. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून अखेरपर्यंत राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवीत होते. घरची भाषा मराठी, लेखनाची हिंदी, आणि धाकटे बंधू शरच्चंद्र नागपुरात मराठीत लिहीत होते. दोघा भावांचे वाचन इंग्रजीवाचून झाले असते, असे म्हणण्याचे धाडस मला होणार नाही. रायपुरातच आयुष्य घालवलेल्या विनोदकुमार शुक्लांना २०२३ साली पेन संस्थेचा नाबोकोव्ह पुरस्कार मिळाला. ‘नौकर की कमीज़’ १९७९ची. सत्ती खन्ना यांच्यासारख्यांनी त्यांचे लेखन इंग्रजीत नेले नसते तर ते तिथवर पोहोचते कसे? शुक्लांचे हिंदी वाक्य दिसायला अगदी साधे असते आणि त्याची सगळी गंमत पदांच्या क्रमात असते. अशा वाक्याचे भाषांतर करणाऱ्याला दोन्ही भाषांचे व्याकरण बोटांच्या टोकांवर लागते. असे भाषांतरकार पुढे छत्तीसगढी घरांतून यावेत अशी आपली इच्छा असेल, तर त्यांना हायस्कुलात इंग्रजीचे व्याकरण माफ करून ते येणार नाहीत. आपली स्वतःची मुले कोणत्या शाळेत जातात, हे मी विचारीत नाही. बहुतेकांची उत्तरे मला ठाऊक आहेत, माझे धरून.

प्रभूंच्या प्रकल्पाने दाखवले ते खोटे आहे असा माझा दावा नाही. भाषा बोलण्याने येते. इंग्लंडने १९६०-७०च्या दशकांत शाळांतून औपचारिक व्याकरण जवळजवळ हद्दपार केले आणि २०१३ पासून अकरा वर्षांच्या मुलांची व्याकरणाची वेगळी परीक्षा सुरू केली. त्या परीक्षेवर तिथले लेखक आणि शिक्षक वैतागलेले आहेत आणि त्यांचेही बरोबर आहे, कारण ती आपल्या ‘सूचनेप्रमाणे बदल करा’चीच मोठी बहीण आहे. मला हवे आहे ते निराळे: हायस्कुलात हिंदीच्या शिक्षकाने आणि इंग्रजीच्या शिक्षकाने आठवड्यातून एक तास एकाच वर्गात, एकाच फळ्यापाशी उभे राहावे, आणि तिसरे वाक्य मुलांनी घरच्या भाषेतले द्यावे. याला नवे पुस्तक लागत नाही. वेळापत्रक मात्र बदलावे लागते, आणि सरकारी शाळेत वेळापत्रक बदलणे किती कठीण, हे मला तिथल्या मुख्याध्यापकांनी हसत हसत सांगितले.

तरी उन्हाळ्याच्या सुटीआधी त्यांनी मला पुन्हा एक तास दिला. फळ्यावर मी चार भाषांतले रोटी खाल्ल्याचे वाक्य लिहिले. छत्तीसगढीचे मुलांनी सांगितले, आणि ‘खाएंव’ कसे लिहायचे यावरून दोन बाकांत भांडण झाले. बस्तरकडचा एक मुलगा इतका वेळ गप्प होता. त्याने हलबीतले पाचवे वाक्य दिले. मग कोणत्या क्रियापदाचा बाण कुठे जातो ते त्यांनीच खडूने दाखवले. हिंदीचा बाण रोटीकडे, छत्तीसगढीचा कर्त्याकडे; मराठीत ‘तू’चे वाक्य घातल्यावर बाण दोन झाले तेव्हा वर्गात मोठा गलका झाला. ती मुलगी मात्र समाधानी दिसली नाही. “तो फिर हमारी बोली में ‘ने’ था ही नहीं, या था और चला गया?” मी तिला सांगितले, की तुलसीदासांच्या अवधीतही ‘ने’ नाही; पण तिथे क्रियापद कर्माप्रमाणे बदललेले जागोजाग सापडते, आणि छत्तीसगढी ही अवधीची बहीण आहे; घरी रामचरितमानस असेल तर शोधून पाहा. तिच्या आजोबांकडे आहे म्हणाली. पुढचा तास भूगोलाचा होता आणि शिक्षक दारात येऊन उभे राहिले होते, म्हणून फळा पुसावा लागला.